पहारा नमुन्यावर, माणूस वाऱ्यावर?

जुलै 2020 मध्ये करोनाची साथ जगभर थैमान घालत असताना अबू धाबीत एक मोठी वैद्यकीय चाचणी सुरू झाली. चीनच्या ‘सिनोफार्म’ कंपनीच्या लशीची ही तिसऱ्या टप्प्यातील चाचणी होती. चीनमध्ये तोवर साथ बरीच आटोक्यात आली होती आणि लस संसर्ग रोखते का हे तपासायचे तर आजूबाजूला संसर्ग असावा लागतो. त्यामुळे चाचणी देशाबाहेर न्यावी लागली. संयुक्त अरब अमिरातीत अवघ्या काही आठवड्यांत 31 हजार स्वयंसेवक मिळाले. ते सुमारे 125 देशांचे नागरिक होते, असे तेव्हा अभिमानाने जाहीर करण्यात आले. पुढे मे 2021 मध्ये अमिराती आणि बहरीनमधील निष्कर्ष ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. 40 हजारांहून अधिक सहभागी होते, त्यांचे सरासरी वय 36 वर्षे होते आणि शंभरातील 84 पुरुष होते.

तेव्हा चर्चा झाली ती लशीच्या परिणामकारकतेची. तपासलेल्या दोन लशींपैकी एकीची 72.8 टक्के, तर दुसरीची 78.1 टक्के. मला मात्र वय आणि लिंगाचे आकडे अधिक बोलके वाटतात. अमिरातीत राहणाऱ्या दर दहा माणसांपैकी जवळपास नऊ परदेशी आहेत. त्यात एकट्या भारताचे 35 लाखांहून अधिक लोक आहेत. आपल्या रत्नागिरी, रायगडमधील कित्येक घरांची चूल तिथल्या पगारावर पेटते. तरुण, धडधाकट, घरापासून दूर राहणारा पुरुष हे आखातातील कामगार वस्त्यांचेच चित्र आहे. या चाचणीत कोणावर जबरदस्ती झाली, असे मला म्हणायचे नाही. प्रश्न त्याआधीचा आहे. ज्याचा व्हिसा, खोली आणि पगार एकाच मालकाच्या हाती आहे, अशा माणसासमोर संमतीपत्र ठेवले, तर ‘नाही’ म्हणायला त्याच्याकडे किती जागा असते?

माणसांवरील वैद्यकीय संशोधनाची सारी नैतिकता या एका प्रश्नावर उभी आहे. गेल्या पंचवीस वर्षांत अरब देशांनी यासाठी कायदे केले, समित्या नेमल्या, नियमावल्या छापल्या. ही प्रगती खरी आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु हे कायदे बारकाईने पाहिले तर त्यातील पहारा पुष्कळदा देशाच्या सीमेवर, रक्ताच्या नमुन्यांवर आणि माहितीच्या साठ्यावर असतो. ज्या माणसाचे ते रक्त, त्याच्या बाजूने उभा राहणारा पहारेकरी मात्र अशक्त असतो.

नीतिनियम पाश्चात्त्यच का?

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करायला हवा. संशोधनाचे नीतिनियम म्हणजे 1947 ची न्यूरेंबर्ग संहिता आणि 1964 चा हेलसिंकी जाहीरनामा, म्हणजेच पश्चिमेची देणगी, असे सर्रास मानले जाते. नाझी डॉक्टरांच्या अत्याचारांनंतर हे दस्तऐवज आले हे खरे. पण औषधाची परीक्षा कशी घ्यावी, हा विचार अरबी वैद्यकात हजार वर्षांपूर्वीपासून आहे. नवव्या-दहाव्या शतकात बगदादमध्ये काम केलेल्या अल-राझी यांनी मेंदूज्वरासारख्या आजारात रक्तमोक्षणाचा उपयोग होतो का हे पाहण्यासाठी काही रुग्णांना तो उपचार दिला आणि काहींना मुद्दाम दिला नाही, अशी नोंद त्यांच्या लेखनात आहे. आज ज्याला आपण ‘नियंत्रण गट’ म्हणतो त्याचे हे फार जुने रूप. इब्न सिना यांनी आपल्या वैद्यकग्रंथात औषध पारखण्याचे नियमच सांगितले. त्यातील एक असा की, औषधाची अखेरची परीक्षा माणसाच्याच शरीरावर व्हायला हवी, कारण घोड्याला किंवा सिंहाला लागू पडलेली गोष्ट माणसाला लागू पडेलच असे नाही.

अल-राझींच्या प्रयोगातच आजच्या प्रश्नाचे मूळ आहे. ज्यांना उपचार दिला नाही, त्यांना कोणी विचारले होते का? त्या काळी, अरबस्तानात काय किंवा युरोपात काय, हा प्रश्न कोणाला पडतच नव्हता. तो आपल्याला पडतो, ही विसाव्या शतकाची कमाई. त्याचे उत्तर शोधताना अरब जगाने आपल्या परंपरेचाही आधार घेतला. 1981 मध्ये कुवेतमध्ये इस्लामी वैद्यकीय आचारसंहिता तयार झाली. कोणाचेही नुकसान करू नये, हे इस्लामी न्यायशास्त्राचे जुने तत्त्व संशोधनालाही लागू आहे, अशी मांडणी तिथल्या विद्वानांनी केली. त्यामुळे ‘नीतिनियम बाहेरून लादले’ ही तक्रार फारशी टिकत नाही. अडचण आहे ती अंमलबजावणीची.

कायदे आले, ते कशासाठी?

अरब लीगमध्ये 22 देश आहेत आणि त्यांची परिस्थिती सारखी नाही. कतारकडे अमाप पैसा आहे, येमेनमध्ये रुग्णालयेच उद्ध्वस्त झाली आहेत. त्यामुळे सरसकट बोलण्यापेक्षा तीन देशांचे कायदे पाहू.

वैद्यकीय चाचण्यांसाठी वेगळा कायदा करण्यात जॉर्डन पुढे होता. 2001 मध्येच तिथे असा कायदा आला आणि 2011 मध्ये तो नव्याने करण्यात आला. त्यामागे व्यवहारही होता. जॉर्डनमध्ये औषधनिर्मितीचा चांगला उद्योग आहे. मूळ औषधाची नक्कल, म्हणजे जेनेरिक औषध बाजारात आणायचे तर ते शरीरात मूळ औषधासारखेच मिसळते हे निरोगी माणसांवर दाखवावे लागते. अशा अभ्यासांत माणूस दोन-चार दिवस केंद्रात राहतो, गोळी घेतो, ठरावीक वेळाने रक्त देतो आणि मोबदला घेऊन घरी जातो. त्यात कोण जातो? ज्याला त्या पैशांची गरज आहे तो. हे अम्मानमध्ये जितके खरे, तितकेच आपल्या शहरांतही. कायद्याने समितीची परवानगी, लेखी संमती आणि विमा सक्तीचा केला, हे चांगलेच. पण एक अभ्यास संपताच दुसऱ्या केंद्रात नाव नोंदवणाऱ्या गरजू तरुणाला निव्वळ संमतीपत्र वाचवू शकत नाही.

सौदी अरेबियाने 2001 मध्ये जैववैद्यकीय नीतिविषयक राष्ट्रीय समिती नेमली आणि 2010 मध्ये सजीवांवरील संशोधनासाठी स्वतंत्र कायदा केला. स्थानिक समित्यांची नोंदणी, संमतीची नोंद, मुले व कैद्यांसाठी वेगळ्या अटी, जनुकीय सामग्री देशाबाहेर नेण्यावर बंधने असे त्याचे स्वरूप आहे. कागदावर तो भक्कम आहे.

इजिप्तची गोष्ट अधिक वळणांची. दहा कोटींहून अधिक लोकसंख्या, मोठी विद्यापीठ रुग्णालये, प्रशिक्षित डॉक्टर आणि उपचारांचा खर्च न झेपणारे असंख्य रुग्ण, यामुळे बहुराष्ट्रीय औषध कंपन्यांना हा देश सोयीचा वाटतो. 2016 मध्ये ‘पब्लिक आय’ या स्विस संस्थेने इतर संस्थांसह इजिप्तमधील चाचण्यांवर एक अहवाल काढला. त्यातील मुख्य आक्षेप विचार करायला लावणारा होता. अनेक कर्करोगग्रस्तांसाठी चाचणीत भाग घेणे हाच नवे औषध मिळवण्याचा एकमेव मार्ग होता आणि चाचणी संपल्यावर तेच औषध सर्वसामान्य इजिप्शियन रुग्णाच्या आवाक्यात येईलच, असे नव्हते. ज्या माणसाकडे दुसरा पर्यायच नाही, त्याच्या ‘हो’ला संमती म्हणायचे की नाइलाज?

इजिप्तच्या संसदेने 2018 मध्ये वैद्यकीय संशोधनाचा कायदा मंजूर केला, पण तो लागू झाला नाही. हा कायदा संशोधनाचा गळा घोटेल, साध्या प्रबंधासाठीही परवानग्यांच्या रांगा लागतील, किरकोळ चुकीसाठी प्राध्यापक तुरुंगात जातील, अशी ओरड विद्यापीठांतून झाली. अध्यक्ष अब्देल फताह अल-सिसी यांनी तो फेरविचारासाठी परत पाठवला. सुधारित रूपात तो डिसेंबर 2020 मध्ये, 2020 चा कायदा क्रमांक 214 म्हणून आला. अंमलबजावणीचे नियम यायला 2022 उजाडले. माहितीपूर्ण संमती, कधीही बाहेर पडण्याचा हक्क, विमा, दुर्बल गटांना जादा संरक्षण, उल्लंघनाला तुरुंगवास, सर्वोच्च नीतिपरिषद हे सारे त्यात आहे. त्याचबरोबर परदेशी सहभाग असलेल्या संशोधनात आणि नमुने बाहेर पाठवण्याच्या बाबतीत राष्ट्रीय सुरक्षेशी संबंधित यंत्रणांचे मत घेण्याची तरतूदही आहे. रक्ताच्या नळीचा प्रवास हा हेरखात्याच्या काळजीचा विषय का व्हावा? त्याचे उत्तर आठ वर्षे आधी जेद्दाहमध्ये घडलेल्या घटनेत सापडते.

जेद्दाहचा नमुना, रॉटरडॅमचे पेटंट

जून 2012 मध्ये जेद्दाहच्या एका रुग्णालयात 60 वर्षांचा एक माणूस न्यूमोनिया आणि मूत्रपिंड निकामी झाल्याने दगावला. तिथे काम करणारे इजिप्शियन विषाणूतज्ज्ञ अली झाकी यांना कारण समजेना. त्यांनी नमुना नेदरलँड्समधील रॉटरडॅमच्या इरॅस्मस वैद्यकीय केंद्रात रॉन फुशिए यांच्याकडे पाठवला. तो एक नवा करोना विषाणू निघाला. पुढे त्यालाच ‘मर्स’ हे नाव मिळाले. त्याची लागण झाल्याची नोंद असलेल्या रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश दगावतात. झाकी यांनी सप्टेंबरमध्ये जगभरच्या संसर्गतज्ज्ञांना ही माहिती दिली. त्यानंतर त्यांची नोकरी गेली आणि ते इजिप्तला परतले.

मे 2013 मध्ये जागतिक आरोग्य परिषदेत सौदीचे उपआरोग्यमंत्री झियाद मेमिश यांनी तक्रार केली की, नमुना परवानगीशिवाय देशाबाहेर गेला आणि डच प्रयोगशाळेने त्यावर पेटंटसाठी अर्ज केला, त्यामुळे आम्हालाच चाचण्या विकसित करण्यात अडथळे येत आहेत. प्रयोगशाळेने हे आरोप फेटाळले. मागणाऱ्या सर्वांना आपण विषाणू दिला, असे तिचे म्हणणे होते.

दोन्ही बाजूंकडे तथ्य होते. नमुना वेळेत गेला म्हणून जगाला धोका कळला. आणि गरीब किंवा विकसनशील देशातून नमुना जातो, त्यातून तयार होणारी चाचणी वा लस मात्र त्याच देशाला महाग मिळते, हा अनुभवही खरा आहे. सरकारांना नमुन्यांवर पहारा बसवावासा वाटतो तो या अनुभवातून. पण या वादात सौदी सरकार होते, डच प्रयोगशाळा होती, जागतिक आरोग्य संघटना होती. ज्याच्या शरीरातून तो विषाणू काढला त्या माणसाचा किंवा त्याच्या कुटुंबाचा काही हक्क आहे का, हा प्रश्न त्या गदारोळात मागेच राहिला.

सरकारच नमुना मागते तेव्हा

परदेशी कंपनीपासून नागरिकाला वाचवायला सरकार असते. पण सरकारच नमुना मागू लागले तर?

जून 2015 मध्ये कुवेत शहरातील एका मशिदीत आत्मघाती स्फोट झाला आणि 27 जण मृत्युमुखी पडले. आठवडाभरातच संसदेने एक कायदा केला. त्यानुसार देशातील प्रत्येक नागरिक, प्रत्येक रहिवासी आणि पाहुण्यालाही डीएनए नमुना देणे बंधनकारक होते. नकार दिला तर एक वर्षापर्यंत तुरुंग आणि दहा हजार दिनारपर्यंत दंड. हा कायदा संशोधनाचा नव्हता, सुरक्षेचा होता. पण एकदा देशातील साऱ्यांचा जनुकीय साठा सरकारच्या तिजोरीत जमा झाला, की तो कधी कशासाठी वापरला जाईल याला सीमा राहत नाही. कोणाचे पितृत्व, कोणाचे नागरिकत्व, कोणाचा अनुवंशिक आजार, सारे त्यातून उघड होऊ शकते. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने 2016 मध्ये या कायद्यावर टीका केली. कुवेतमधील वकील न्यायालयात गेले आणि ऑक्टोबर 2017 मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने हा कायदा रद्द केला. व्यक्तीचा खासगीपणा राज्याच्या सोयीपेक्षा मोठा आहे, हे एका अरब देशाच्या न्यायालयाने अरब राज्यघटनेच्या आधारे ठरवले. या विषयावर लिहिताना ही घटना पुष्कळदा विसरली जाते.

आखातात आज मोठमोठे जनुकीय प्रकल्प सुरू आहेत. अमिरातीने दहा लाख नागरिकांच्या जनुकांचे वाचन करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे, 2023 मध्ये त्यासाठी कायदाही केला. सौदी आणि कतारचेही असे प्रकल्प आहेत. त्यांची गरज आहेच. नात्यात लग्न करण्याची प्रथा तिथे मोठ्या प्रमाणात आहे, त्यामुळे सिकलसेल, थॅलेसेमिया आणि इतर अनेक दुर्मीळ अनुवंशिक आजार जास्त आढळतात. सौदीत लग्नापूर्वी सिकलसेल आणि थॅलेसेमियाची तपासणी 2004 पासून सक्तीची आहे. मात्र जनुकीय संशोधनात एकाची सही पुरत नाही. भावाने रक्त दिले की बहिणीबद्दलही काही तरी कळते. मुलीच्या अहवालातून तिच्या लग्नाचे गणित बिघडू शकते. घरचा कर्ता पुरुष साऱ्यांच्या वतीने निर्णय घेतो अशा समाजात ‘संमती नेमकी कोणाची’ हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकातील एका कलमाने सुटत नाही.

सत्ताच प्रयोग जाहीर करते तेव्हा

याच्या पुढची पायरी इजिप्तने 2014 मध्ये पाहिली. त्या देशात हेपेटायटिस सीचा प्रादुर्भाव जगात सर्वाधिक होता. 2008 च्या पाहणीत 15 ते 59 वयोगटातील शंभरपैकी जवळपास 15 जणांच्या रक्तात त्याच्या प्रतिपिंडांची नोंद झाली. त्याचे मूळही वैद्यकीयच होते. बिल्हार्झिया या कृमिरोगाविरुद्ध 1950 च्या दशकापासून 1980 च्या सुरुवातीपर्यंत देशभर इंजेक्शनांची मोहीम चालली. त्या काळी सुया आणि सिरिंज पुन्हा वापरत. एका आजारावर उपचार करताना दुसरा विषाणू गावोगाव पोहोचला. तेव्हा त्या विषाणूचा शोधही लागला नव्हता, त्यामुळे दोष देऊन उपयोग नाही. पण चांगल्या हेतूने सरकारने केलेली गोष्टही लोकांना भोवू शकते, हा धडा त्यात होता.

फेब्रुवारी 2014 मध्ये इजिप्तच्या लष्कराने जाहीर केले की, त्यांनी एड्स आणि हेपेटायटिस सी दोन्ही बरे करणारे यंत्र तयार केले आहे. त्याचा कोणताही निबंध तज्ज्ञांनी तपासून प्रसिद्ध झालेला नव्हता. रुग्णाचे रक्त यंत्रातून फिरवून शुद्ध करतो, असे सांगणारा मेजर जनरल टीव्हीवर म्हणाला की, आपण आजार काढून त्याचा कोफ्ता करून रुग्णाला खायला देतो. देशभर विनोदांचा पाऊस पडला. पण हजारो हताश रुग्णांनी उपचारांसाठी नावे नोंदवली होती, त्यांच्यासाठी तो विनोद नव्हता. अध्यक्षांचे तत्कालीन वैज्ञानिक सल्लागार एसाम हेग्गी यांनी याविरुद्ध उघड भूमिका घेतली आणि तेव्हाच्या वातावरणात त्याला धाडस लागत होते. 30 जूनपासून उपचार सुरू होणार होते, ते ‘आणखी चाचण्या हव्यात’ असे सांगून पुढे ढकलले गेले आणि यंत्र विस्मृतीत गेले.

त्याच वर्षी इजिप्तने सोफोसबुव्हिर हे खरोखर गुणकारी औषध मूळ कंपनीशी वाटाघाटी करून, अमेरिकेतील किमतीच्या अगदी लहानशा हिश्श्यात मिळवले. नंतर स्थानिक जेनेरिक औषधे आली. 2018-19 मध्ये सुमारे पाच कोटी लोकांची तपासणी झाली आणि 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हेपेटायटिस सी निर्मूलनाच्या वाटेवरील कामगिरीबद्दल इजिप्तचा गौरव केला. एकाच देशात, एकाच आजारावर, एकाच वर्षी दोन वाटा होत्या. एक घोषणेची, दुसरी पुराव्याची. पुराव्याची वाट रुग्णांपर्यंत पोहोचली. 2014 मध्ये आजचा कायदा असता, तर नीतिपरिषदेने लष्कराला ‘आधी पुरावा दाखवा’ असे बजावले असते का? माझ्या मते या कायद्याची खरी कसोटी हीच आहे. परदेशी कंपनीला अडवणे सोपे असते, आपल्याच सत्ताधाऱ्यांना अडवणे कठीण.

विश्वास नसला की काय होते, हे लिबियाने दाखवले. 1998 मध्ये बेनगाझीच्या बाल रुग्णालयात 400 हून अधिक मुलांना एचआयव्हीची लागण झाल्याचे उघड झाले. पाच बल्गेरियन परिचारिका आणि एका पॅलेस्टिनी डॉक्टरवर मुद्दाम लागण केल्याचा आरोप ठेवला गेला. हा परदेशी हेरखात्यांचा प्रयोग आहे, असे खुद्द मुअम्मर गद्दाफी म्हणाले. विषाणूच्या जनुकीय अभ्यासाने दाखवले की, ही मंडळी येण्याआधीच तो रुग्णालयात फिरत होता. कारण होते अस्वच्छता. तरी दोनदा मृत्युदंड सुनावला गेला आणि 2007 मध्ये आंतरराष्ट्रीय वाटाघाटींनंतरच त्यांची सुटका झाली. स्वतंत्र चौकशीची व्यवस्था नसली की निष्काळजीपणा झाकायला ‘प्रयोग’ हा शब्द सोयीचा ठरतो.

समिती कोणाची?

या सगळ्या उदाहरणांचा धागा नीतिसमितीपाशी येऊन थांबतो. संशोधनाला परवानगी देणारी ही समिती बहुतेक ठिकाणी त्याच संस्थेतील वरिष्ठांची असते. तिचे अध्यक्ष ज्यांच्या हाताखाली काम करतात, त्यांच्याच प्रकल्पावर त्यांना निर्णय द्यायचा असतो. सभासद आपले काम सांभाळून वेळ देतात. परवानगी दिल्यावर प्रत्यक्ष वॉर्डात जाऊन संमती कशी घेतली जाते हे पाहायला माणसे नसतात. इजिप्तमधील नीतिसमित्यांनी 2008 मध्ये आपले जाळे उभारले, अमेरिकन विद्यापीठाच्या मदतीने अनेक अरब डॉक्टरांनी संशोधन-नीतीचे प्रशिक्षण घेतले. माणसे तयार झाली. पण स्वतंत्र प्रसारमाध्यमे, न्यायालयात जाण्याची सोय आणि रुग्णांच्या संघटना नसतील तर उत्तम प्रशिक्षित समितीही वरून आलेल्या फोनपुढे टिकत नाही.

हे आपल्याला अपरिचित नाही. 2009 मध्ये आंध्र प्रदेश आणि गुजरातमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या एचपीव्ही लशीचा अभ्यास झाला. त्यात वसतिगृहातील कित्येक मुलींच्या संमतीपत्रांवर पालकांऐवजी वॉर्डनच्या सह्या होत्या. ते बाहेर आले ते आरोग्य कार्यकर्ते, पत्रकार आणि संसदीय समितीमुळे. पुढे सर्वोच्च न्यायालयाने लक्ष घातले आणि 2019 चे नवे नियम आले, ज्यांत भरपाईची स्पष्ट तरतूद आहे. आपली व्यवस्था निर्दोष नाही, पण ती सुधारली कारण बाहेरून कोणी तरी प्रश्न विचारू शकत होते. सरकारी रुग्णालयातही रोज दिसते की, रुग्ण कागद न वाचता अंगठा किंवा सही करतो, कारण डॉक्टरांनी सांगितले आहे. हा विश्वास मौल्यवान आहे आणि म्हणूनच त्याचा गैरफायदा घेणे सर्वात सोपे आहे.

ज्यांचा आजार, त्यांच्यासाठी संशोधन

अरब जगातून एक उमेद देणारे उदाहरणही आहे. सुदानमध्ये मायसेटोमा नावाचा आजार आहे. काटा टोचून बुरशी किंवा जिवाणू पायात शिरतात, पाय सुजत जातो आणि शेवटी कापावा लागतो. मदुराईवरून ‘मदुरा फूट’ हे नाव मिळालेला हाच तो आजार. गुराखी आणि शेतकऱ्यांना होणारा, म्हणून औषध कंपन्यांना त्यात फारसा रस नव्हता. खार्टूमच्या मायसेटोमा संशोधन केंद्राने, ना-नफा संस्था आणि एका जपानी कंपनीच्या साहाय्याने 2017 मध्ये बुरशीजन्य मायसेटोमावर पहिली दुहेरी-अंध चाचणी सुरू केली. 104 रुग्ण होते. आठवड्यातून एकदा घ्यायचे नवे औषध रोजच्या जुन्या औषधाशी ताडून पाहिले गेले. इथे प्रश्न स्थानिक होता, संशोधक स्थानिक होते आणि फायदाही स्थानिकांचाच होणार होता. 2023 मध्ये सुरू झालेल्या यादवी युद्धात त्या केंद्राचीही वाताहत झाली. कोणत्याही नीतिसमितीच्या हाती नसलेली ही गोष्ट आहे.

याउलट बैरूतमधील शातिला या पॅलेस्टिनी निर्वासितांच्या छावणीत संशोधक, पत्रकार आणि विद्यार्थ्यांची इतकी रीघ लागते की, तिथल्या लोकांवर ‘अतिसंशोधन’ झाल्याची नोंद समाजशास्त्रज्ञांनी केली आहे. प्रश्नावली भरून माणसे थकली, आयुष्यात फरक पडला नाही. दुखापत केवळ सुईने होत नाही.

हेलसिंकी जाहीरनाम्याला 60 वर्षे झाली तेव्हा, ऑक्टोबर 2024 मध्ये, जागतिक वैद्यकीय संघटनेने त्यात सुधारणा केली. ज्यांच्यावर संशोधन होते त्यांना आजवर इंग्रजीत ‘सब्जेक्ट’ म्हणत, आता त्यांना ‘सहभागी’ म्हटले आहे. शब्द बदलला, पण सहभागी म्हणवून घ्यायला नकाराचा हक्क, प्रश्न विचारण्याचा हक्क आणि लाभातील वाटा लागतो. त्यासाठी अरब देशांनी करण्यासारख्या गोष्टी फार खर्चीक नाहीत. प्रत्येक चाचणीची आणि तिच्या निकालाची नोंद लोकांना वाचता येईल अशा ठिकाणी हवी. नीतिसमितीत संस्थेबाहेरची, रुग्णांच्या बाजूने बोलणारी माणसे हवीत. परदेशी कामगारांसाठी संमतीपत्र त्यांच्या भाषेत हवे आणि मालकाला या व्यवहारापासून कायद्यानेच दूर ठेवायला हवे. आणि हा कायदा विद्यापीठाइतकाच लष्करालाही लागू हवा.

तोवर एक व्यावहारिक सूचना. घरातील कोणी आखातात कामाला असेल आणि त्याला एखाद्या चाचणीसाठी विचारले गेले, तर त्याने घाबरून जाऊ नये आणि घाईने होकारही देऊ नये. कागद आपल्याला कळणाऱ्या भाषेत मागावा आणि त्याची प्रत जवळ ठेवावी. काही इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार, हे लेखी विचारावे. मध्येच बाहेर पडलो तर नोकरीवर किंवा व्हिसावर परिणाम होणार नाही ना, हेही स्पष्ट करून घ्यावे. नीतिसमितीचा दूरध्वनी क्रमांक कागदावर असायलाच हवा. या प्रश्नांची नीट उत्तरे मिळाली तर भाग घेण्यात काही गैर नाही, औषधे आणि लशी अशाच लोकांच्या मदतीने घडतात. उत्तरे देण्याची टाळाटाळ झाली, तर सही करू नये.